आईच्या कपाटांचे रंग

दादानं नागपूरला नवं स्वयंपाकघर केलं आणि जुनं आम्हाला काशीला पाठवून दिलं. रेल्वेच्या पार्सलनं, गोणपाटात शिवून. चार कपाटं, प्रत्येकाला एक दार, चारही दारं एकाच मापाची आणि एकाच तपकिरी रंगाची. आत लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी आणि वर लाकडासारखा दिसणारा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. त्याला विनाइल म्हणतात हे मला पुढे रंगाच्या दुकानात कळलं. तोवर आम्ही त्यांना 'नागपूरची कपाटं' म्हणत होतो. स्टेशनवरून ती ठेल्यावर मैदागिनच्या नाक्यापर्यंत आली आणि तिथून दुर्गाघाटापर्यंत माणसांच्या डोक्यावर, कारण आमच्या गल्लीत समोरून गाय आली तर दोघांपैकी एकाला मागं सरावं लागतं, आणि गाय सरत नाही.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा, नागपूरला बँकेत. मनानं वाईट नाही, कधीच नव्हता. पण त्याची माया नेहमी पार्सलनं यायची. आधी त्याचा जुना पंखा आला, मग जुना टीव्ही, मग ही कपाटं. मी म्हटलं, "आपलं घर म्हणजे काय दादाचा माळा आहे का?" आई म्हणाली, "गप गं. मुलगा एवढ्या दूरून भेजतो आहे, आणि तुझं तोंड बघ." तिनं कपाटांवर गंगाजल शिंपडलं, चारही दारांना हळदकुंकवाचं बोट लावलं आणि ती आपली करून टाकली.

घरात आम्ही दोघीच होतो. बाबा वैदिक. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, अस्थिविसर्जन, हीच त्यांची आयुष्यभराची कामं. ते जाऊन काही वर्षं झाली होती. मी मैदागिनच्या पलीकडे मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही ते मी इथं लिहिणार नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आई पहाटे गंगेवर जायची, येऊन धूतवस्त्र नेसायची आणि सोवळ्यात स्वयंपाक करायची. त्या वेळात तिला कुणी शिवायचं नाही, मीसुद्धा नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून चहा मागायची आणि ती कप लांबून सरकवायची.

कपाटं यायच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात भिंतीतच दगडी फळ्या होत्या. त्यावर पितळेचे डबे, उघडे, ओळीनं. आईची पन्नास वर्षं त्या फळ्यांसमोर गेली. पण फळ्यांना ओल आली होती, डब्यांच्या बुडाला हिरवं धरायचं, म्हणून सगळं सामान नव्या कपाटांत गेलं. आता चार तपकिरी दारं आणि त्यामागं काय ते देवाला ठाऊक. आईच्या डोळ्यांचं तेव्हाच सुरू झालेलं असणार. जुन्या फळ्यांसमोर ते कुणाला कळलं नव्हतं, कारण तिथं तिला बघावंच लागत नव्हतं.

बाबांची तिथी भाद्रपदात. त्या दिवसांत गंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आलेली असते आणि नळाचं पाणी चहासारखं येतं. म्हणून घरात तुरटीची पूड ठेवावी लागते. कपाटं आली त्या वर्षी दादा श्राद्धाला आला, शेजारचे गुरुजी आणि आणखी दोघे ब्राह्मण पानावर बसले. वडे, खीर, भाज्या, कढी, सगळं आईनं एकटीनं केलं. श्राद्धाचा स्वयंपाक आधी चाखायचा नसतो. आणि श्राद्धाच्या ब्राह्मणांनी पानावरच्या पदार्थाला चांगलं म्हणायचं नसतं, वाईटही म्हणायचं नसतं. ते मुकाट्यानं जेवले. दादानं हात जोडून विचारलं, तृप्त झालात ना? ते म्हणाले, तृप्त झालो. गुरुजी दोन तांबे पाणी प्यायले, एवढंच मला जरा नवल वाटलं.

मग आम्ही जेवायला बसलो. मी कढीचा भुरका मारला आणि माझी जीभ आकसून टाळ्याला चिकटली. दादाचंही तेच झालेलं त्याच्या तोंडावर दिसलं. कढीत सैंधवाऐवजी तुरटी होती, आणि थोडीथोडकी नाही.

"काय झालं?" आई म्हणाली. दादानं सांगितलं. तिनं कढीत बोट बुडवून जिभेला लावलं. मग म्हणाली, "दोन्ही डबे एकसारखे, दारं एकसारखी. माणसाला कसं पता लागेल?"

दादा दुसऱ्या दिवशी तिला विद्यापीठाजवळच्या लंका भागातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. डॉक्टरांचं म्हणणं होतं की जेवढी नजर गेली ती गेली, आता थेंब घालून उरलेली वाचते का ते बघायचं. रंग कळतात का, असं त्यांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, कळतात.

त्या संध्याकाळी दादानं विषय काढला. आई, तू नागपूरला चल. इथं ही दिवसभर शाळेत, तू एकटी, गॅस, जिना, घाटाच्या पायऱ्या. कधी काय होईल सांगता येत नाही. आईनं त्याला पूर्ण बोलू दिलं. मग ती म्हणाली, "सारी दुनिया मरायला काशीत येते, आणि तू मला मरायच्या वेळेला काशीतून उचलून नेतोस?"

हे तिचं नाटक नव्हतं. बाहेरच्या माणसाला ते कळणार नाही. आमच्या घाटांवरच्या मराठी घरांत म्हातारी माणसं साध्या लग्नालासुद्धा गावाबाहेर जायला तयार नसत, तेवढ्यात कुठं काही झालं तर? काशीत देह पडला की सुटका, ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव कमाई असायची. 'काशीस जावे नित्य वदावे' असं महाराष्ट्रातले लोक म्हणतात. आई म्हणायची, त्यांनी वदत बसावं, मी जन्मलेच इथं. ब्रह्माघाटावर जन्मली, दुर्गाघाटावर दिली, मणिकर्णिकेला जाणार. तिन्ही घाटांमधलं अंतर चालत जाण्यासारखं, आणि तेवढंच तिला हवं होतं.

बरंच बोलणं झालं. शेवटी दादा म्हणाला, "पुढच्या तिथीला मी येईन. तेव्हा तुला दिसत असेल, स्वयंपाकघर नीट सांभाळत असशील, तर मी एक शब्द काढणार नाही. नाहीतर मी तुला नेणार. मग रडायचं नाही."

आई म्हणाली, ठीक आहे. माझ्याकडे वळून म्हणाली, "तू गवाह आहेस."

दारं रंगवायची कल्पना माझी. रंग कळतात असं तीच म्हणाली होती ना, मग चार दारं चार रंगांची करू. नकाशात शेजारच्या राज्यांना वेगळे रंग देतात तसं. डाळींना हिरवा, पिठांना पांढरा, मीठमसाल्याला पिवळा, तेलातुपाला लाल. तुरटी स्वयंपाकघरातून हद्दपार करून मोरीत ठेवली. रंगाऱ्याला बोलवायची सोय नव्हती, कारण परका माणूस सोवळ्याच्या स्वयंपाकघरात आठवडाभर वावरणार आणि आई उपाशी बसणार. म्हणजे ते काम माझ्यावर आलं. मी तोवर आयुष्यात नखांखेरीज काही रंगवलेलं नव्हतं.

चौकातल्या रंगाच्या दुकानदाराला मी दाराचा एक कपचा दाखवला. त्यानं तो नखानं टोकरला आणि म्हणाला, "विनाइल है. अरे बहिनजी, ई पेंट लोहा, लकड़ी, प्लास्टिक, सब पर चढ़ जाला." मी ऑइलपेंटचे चार छोटे डबे आणि एक ब्रश घेऊन घरी आले.

आईनं पिशवी उघडायच्या आधीच विचारलं, "ब्रश कशाचा आहे?"

"कशाचा म्हणजे? ब्रशाचा."

"डुकराच्या केसांचा असतो तो. माझ्या स्वयंपाकघरात डुकराचे केस फिरवणार आहेस?"

मी परत चौकात. दुकानदार शपथेवर म्हणाला, नायलॉन है. घरी आणला. आईनं त्याचा एक केस उपटून समईच्या ज्योतीवर धरला. नायलॉन असता तर वितळून मणी झाला असता. तो चुरचुरला आणि केस जळल्याचा वास घरभर सुटला. "झूठ बोलतो आहे तो," आई म्हणाली. डोळे गेले तरी नाक शाबूत होतं. ते दोन्ही ब्रश मी माळ्यावर फेकले. मग नारळाच्या काथ्याचा कुंचा केला, तर दारावर नांगरल्यासारखे पट्टे उठले. शेवटी बाबांचं जुनं धोतर फाडून त्याचा बोळा केला, एका काठीला बांधला आणि त्यानं रंग लावला. बाबांच्या धोतराचे धागे त्या हिरव्या दारात कायमचे अडकून बसले.

रंग चढला. दुकानदार तेवढ्यापुरतं खरं बोलला होता. चढला, वाळला, आणि आठवड्याभरानं आईचं नख लागलं तर अख्खा हिरवा पापुद्रा सापाच्या कातीसारखा निघून आला. खाली नागपूरचा तपकिरी रंग जसाच्या तसा हसत होता. मी पिवळं दार बघितलं, तेही सुटलं. लाल, पांढरं, सगळी सुटली. मी त्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून रडले. आईनं लांबून गुळाचा खडा सरकवला.

मग मी दारं काढून गच्चीवर नेली. सोड्याच्या पाण्यानं धुतली, वर्षानुवर्षांचं वहिनीच्या फोडणीचं तेल निघालं. पॉलिशपेपरनं घासली. एका दाराला जास्त घासलं तर प्लास्टिक फाटून आतला भुसा दिसायला लागला. थंडीत रंग लावला तर धुक्यानं वाळेचना, चार दिवसांनी बोट लावलं तरी चिकट. त्या चिकट दारांवरून वानरं चालत गेली. पिवळ्यावर पावलं उमटली आणि शेजारच्यांच्या भिंतीवर पिवळी पावलं पार छपरापर्यंत गेली. शेजारीण म्हणाली, "हनुमानजी का आशीर्वाद है." मी म्हटलं, तुमच्याकडे ठेवा. उन्हाळ्यात लावला तर गरम वाऱ्याची लू सुटली आणि रंगावर वाळू बसली. शाळा, घर, गच्ची, हेच माझं वर्ष झालं. हात टर्पेंटाइननं सोलवटले होते. वर्गातल्या मुली नाकाला ओढणी लावायच्या.

आई दिवेलागणीला जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसायची. तिच्या मांडीवर जपमाळ असायची.

"आता कुठला लावतेस?"

"लाल."

"लाल तेलातुपाचा."

"बरोबर. आणि हिरवा?"

"डाळींचा. पांढरा पिठांचा. पिवळा मीठमसाल्याचा." मग ती ते उलटं म्हणायची, मग मधलं एक सोडून म्हणायची. कधी म्हणायची, "लाल जरा भडक वाटतो आहे गं." लाल खरंच भडक होता. मीच दुपारभर त्याबद्दल कुरकुरत होते.

हळूहळू मला जमायला लागलं. हलकं घासायचं, पुसायचं, रंग पातळ करून लावायचा, आणि दुसरा हात द्यायची घाई करायची नाही. ज्येष्ठ संपेपर्यंत चारही दारं धरून बसली होती. मी ती जागच्या जागी लावली आणि दोन पावलं मागं आले. खरं सांगते, सुंदर दिसत होती. त्या काळ्या पडलेल्या स्वयंपाकघरात एवढा रंग कधी आलाच नव्हता. मी आईची परीक्षा घेतली. डाळ काढ, म्हटलं. ती सरळ गेली, दारावर हात ठेवला, म्हणाली "हा हिरवा," आणि तुरीचा डबा काढला. चारही दारं बरोबर. शाळेत अशा मुलीला मी पैकीच्या पैकी दिले असते. त्या दिवसानंतर तिच्या हातून मिठाचा खडासुद्धा इकडचा तिकडे झाला नाही. मी एस.टी.डी. बूथवरून दादाला फोन करून सांगितलं, ये, बघ, आणि मग बोल.

भाद्रपद आला. तिथीच्या आधी लाल दाराची कड तेलानं सुटलेली मला दिसली. दादासमोर एक कपचासुद्धा निघालेला मला चालणार नव्हता. लालाबरोबर बाकीच्यांवरही एक शेवटचा हात मारून टाकावा म्हणून मी चारही दारं काढली, रंगवली आणि घराच्या खालच्या चौकात भिंतीला टेकवून ठेवली. दादा आला त्या दिवशी शाळेत चाचणी होती, मला सुट्टी मिळाली नाही. संध्याकाळी घरी जाऊन दारं लावू, असं ठरवून मी गेले.

परत आले तेव्हा दादा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाटावर बसलेला, ओल्या केसांनी, खुशीत. "दारं लावून टाकली गं," तो म्हणाला. "आंघोळ करून लावली, काळजी करू नको. अगदी घट्ट बसवली." तो आपणहून काही करतो हे क्वचित व्हायचं, म्हणून मला आधी बरंच वाटलं. मग मी आत बघितलं. डाळींच्या कपाटाला लाल दार होतं. पिठांना पिवळं. मीठमसाल्याला हिरवं, तेलातुपाला पांढरं. दारं एका मापाची, कुठंही बसत होती, आणि कुठला रंग कशाचा हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून आई म्हणाली, "आलीस? बरं झालं. आता तुझ्यासमोरच विचारू दे याला. काय विचारायचं ते विचार रे." तिचा आवाज लग्नघरातल्यासारखा होता. वर्षभर ती या क्षणासाठी पाठ करत होती.

दादा हसला. "बरं. डाळ कुठं?"

ती गेली. एक ठेच नाही, एक चाचपणं नाही. डाळींच्या कपाटावर पंजा ठेवला आणि म्हणाली, "ही बघ. हिरव्या दारात." तिचा हात लाल दारावर होता.

दादाचं हसू तिथंच राहिलं. त्यानं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली की डोळे मिटले, आता आठवत नाही.

"पांढरं पिठांचं," आई म्हणाली आणि पिवळ्या दारावर थाप मारली. "पिवळं मीठमसाल्याचं." ते हिरवं होतं. "आणि हे लाल. लाल जरा भडक झालाय, मी हिला बोललेही होते. पण मला भडकच बरा." आणि ती त्या पांढऱ्या दारासमोर उभी राहून, मान तिरकी करून, कौतुकानं बघत राहिली.

"छान आहे आई," दादा म्हणाला. त्याचा आवाज फाटला तेव्हा तिला वाटलं प्रवासानं सर्दी झाली. तिनं त्याला आल्याचा काढा करून दिला. आलं, गूळ, मिरी, सगळं आपापल्या कपाटातून, न चुकता.

आमच्या मोहल्ल्यात पाठांतर हीच विद्या. पोरं डोळे मिटून, मान डोलवत, अध्यायच्या अध्याय म्हणतात आणि बाप कृतार्थ होतात. पोथी उघडून कुणी विचारत नाही की यातलं हे अक्षर कुठलं, दाखव. मी त्याच घरात वाढले. आईनं धडाधड म्हणून दाखवलं आणि मी समजले तिला दिसतंय.

गच्चीवर मी दादाशी भांडले. मी म्हटलं, "चूक तुझी. दारं तू उलटी लावलीस."

"दारं उलटी असोत की सुलटी. तिला रंगच दिसत नाहीत."

"नसू देत. एक तरी डबा चुकली का? एक तरी? तिला दारं लागतच नाहीत दादा. तिच्या हाताला पता आहे सगळं."

"आणि गॅस? पदराला आग लागली तर हाताला पता लागेल? तू चार वाजता घरी येतेस." तो कठड्याला टेकून खाली गंगेकडे बघत होता. पाणी बरंच वर आलं होतं. "ती आंधळी आहे गं. आपली आई आंधळी आहे आणि आपल्याला कळलं नाही."

ते खरं होतं आणि मला त्याचा राग आला, आजही येतो. मी वर्षभर हात सोलून घेतले नसते तर ती चार तपकिरी दारांसमोर उभी राहिली असती, डाळ मागितली तर डाळ दिली असती, मीठ मागितलं तर मीठ, आणि दादा जेवून नागपूरला परत गेला असता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिला वाचवायला म्हणून मी रंग लावला आणि त्या रंगानंच तिला पकडून दिलं.

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं. आईनं पहाटेपासून स्वयंपाक केला. मी उंबऱ्याबाहेर बसून तिच्याकडे बघत होते, आता मला सगळं दिसत होतं. वडा तळला की नाही ते ती आवाजावरून ओळखत होती. भात उतरवायची वेळ वासावरून. कढईच्या कडेपासून बोटं नेमकी लांब ठेवत होती. पदर कमरेला घट्ट खोचलेला. ब्राह्मण जेवले, दादानं हात जोडले, ते तृप्त झालो म्हणाले. मग आम्ही जेवलो. वड्यांपासून खिरीपर्यंत सगळं जिथल्या तिथं होतं. मी आयुष्यात तसा स्वयंपाक पुन्हा जेवले नाही.

जेवणं झाल्यावर दादा तिच्यासमोर खाली बसला आणि त्यानं सांगितलं. दारं त्यानं लावली होती, रंग चुकीच्या जागी गेले होते, आणि तिनं काल चारही चुकीचे सांगितले. हे सांगताना तो लहान मुलासारखा रडत होता. आई रडली नाही. ती पाटावर बसून होती, हात मांडीवर, तोंड त्याच्याकडे नाही तर जरा बाजूला, भिंतीकडे.

"आज काही चुकलं होतं का?" तिनं विचारलं.

"नाही आई."

"खारट? आळणी? कच्चं?"

"नाही."

"मग?"

दादा डोळे पुसत राहिला. मी पानं गोळा केली. तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग म्हणाली, "जुबान दिली होती मी," आणि उठून भांडी आवरायला लागली.

ती नवरात्राच्या आधी नागपूरला गेली. स्टेशनला जायच्या आधी तिनं घाटावर न्यायला लावलं, पाण्यात हात बुडवून डोळ्यांना लावला आणि परत वर चढताना एकदाही मागं वळून बघितलं नाही. वळून तरी काय दिसणार होतं, असं मी स्वतःला समजावलं. मी नोकरी सोडून तिच्याबरोबर जाऊ शकले नाही. नागपूरला वहिनीनं तिचं सगळं चांगलं केलं, हे मी कुणालाही सांगेन. पण तिथलं स्वयंपाकघर वहिनीचं होतं, आणि आंधळ्या सासूला गॅसजवळ कोण जाऊ देईल? आई दिवसभर गॅलरीत खुर्चीवर बसायची. मी दर रविवारी बूथवरून फोन करायची. ती विचारायची, गंगेला पाणी कुठवर आलं? मी सांगायची. मग ती म्हणायची, ठेव आता, मीटर चालू आहे.

त्यानंतरच्या दुसऱ्या थंडीत ती गेली. मला कळलं तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं, कुठल्यातरी घाटावर, ज्याचं नाव मी विचारलं नाही.

दादा अस्थी घेऊन आला. मी स्टेशनवर गेले. त्याच्या खांद्याला पिशवी होती, तांबड्या फडक्यात बांधलेला कलश त्यात, नागपूरच्या गाडीतून उतरणारे शेकडो लोक असतात तसाच तो. बाबांनी जन्मभर याच लोकांची कामं केली होती, दूरदूरच्या गावांतून आया आणि बाप पिशवीत घालून आणणाऱ्या लोकांची. आई त्यांचा स्वयंपाक करायची आणि म्हणायची, बिचारे. आमच्या घाटावर सगळे ओळखीचे, तिथं जायचा मला धीर झाला नाही, म्हणून आम्ही दशाश्वमेधवरून नाव केली. विधी झाला. भर पाण्यात कलश रिकामा केला. दादा पाण्याकडे बघत बसला होता.

नावाड्यानं वल्हं थांबवलं. "कहाँ से आए हैं आप लोग?"

"नागपुर से," दादा म्हणाला.

"माताजी थीं?" दादानं मान हलवली. नावाड्यानं पाण्याला हात जोडले. चांगला माणूस होता. "बड़े भाग वाली रहीं," तो म्हणाला. "इतनी दूर से आकर काशी मिल गई."

"नहीं मिली," मी म्हटलं.